रिकामा फिरणारा

जिप्सीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असतो. गाडीत पहिल्यांदा बसलेला माणूस हमखास त्याच्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "हे काय?" जिप्सीचा मालक याच प्रश्नाच्या आशेवर जगत असतो. "हे होय? फोर बाय फोर," असं तो अगदी सहज सांगतो, पण सांगताना पाठ ताठ होते. मग टू-हाय, फोर-हाय, मधला न्यूट्रल, फोर-लो अशी साग्रसंगीत उजळणी होते. पाहुणा दोन चौक माना डोलावतो आणि मग, मनात काही वाईट नसताना, विचारतो, "बरं, आणि हे लागतं कधी?"

इथं मालकाचं लक्ष एकदम समोरच्या रिक्षाकडे जातं.

खरं उत्तर असं, की फारसं लागत नाही. मी कोल्हापूरचा. पाऊस धरल्यावर गगनबावड्याच्या बाजूला एखाद्या शेताची वाट, मसाई पठारावरचा निसरडा उतार, आजऱ्याकडच्या मित्राची काजूची बाग. लाल चिखलात मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, की तो दांडा ओढायचा. एखाद्या वर्षी तेवढाही योग येत नाही. बरं, हौस म्हणून गावात घालून मिरवावं, तर तेही चालत नाही. वळताना पुढची चाकं मोठ्या वळशाने जातात, मागची आखूड वळशाने. ही तफावत पोटात घेणारा मधला डिफरन्शियल जिप्सीत नाही. दांडा ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाकं थोडी घसरून आपापसात मिटवून घेतात. डांबरावर घसरायला जागा नाही. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात अडते आणि सगळा पीळ गिअरच्या दात्यांवर येतो. आमच्या गल्लीतले आण्णा एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले. मी जिप्सी घेतली त्याच दिवशी त्यांनी दम दिला होता, "सर, डांबरावर घालायचं न्हाई. घातलंसा तर माझ्याकडं यायचं न्हाई."

म्हणजे ज्या रस्त्यावरून रोज जायचं त्या रस्त्यावर ही सोय वापरायची नाही आणि ज्या रस्त्यावर वापरायची त्या रस्त्यावर सहसा जायचं नाही.

आमच्या घरी माळ्यावर शंभर पानांचा भात होईल असं तांब्याचं पातेलं आहे. हल्ली कार्य निघालं की कार्यालयवालेच सगळं आणतात. तरी दर दिवाळीला ते पातेलं खाली उतरतं, चिंचेने लखलखीत घासलं जातं आणि पुन्हा वर जाऊन बसतं. बायकोने त्या आखूड दांड्यावरून टोकलं की मी पातेल्याचा विषय काढतो. ती पतसंस्थेत हिशेब तपासते, त्यामुळे असल्या युक्तिवादाने बधत नाही. म्हणते, "अहो, पातेलं पेट्रोल पीत नाही."

तिला मी अजून हे सांगितलेलं नाही, की पातेलं निदान माळ्यावर गप्प तरी बसतं. जिप्सीचा पुढचा शाफ्ट गप्प बसत नाही. काही जीपना पुढच्या चाकाच्या मध्यभागी फिरवायचं हब असतं. ते सैल केलं की चाक एकटं फिरतं आणि आतला सगळा पसारा झोपतो. माझ्या गाडीला ते नाही. त्यामुळे फोर बाय फोर घातलेलं असो वा नसो, पुढची चाकं आपल्या धुऱ्याला फिरवतात, धुरा डिफरन्शियलला फिरवतो आणि डिफरन्शियल शाफ्टला. चाकाचा एक फेरा होईतो शाफ्टचे साधारण चार होतात. भाजी आणायला गेलो तरी तो फिरतो, पतसंस्थेत बायकोला सोडायला गेलो तरी फिरतो. ओढत काहीच नाही, नुसता फिरतो. काम शून्य आणि झीज मात्र पूर्ण. मी उभं आयुष्य अनुदानित कॉलेजात काढलं आहे, त्यामुळे याचं मला फारसं नवल वाटलं नाही.

झीज पहिल्यांदा कानाला कळली, आणि तीही माझ्या नव्हे. "बॉनेटमध्ये कुठल्या पाखराचं पिल्लू अडकलंय का बघा," असं बायको म्हणाली. गाडी हळू चालली की बारीक चिव-चिव, वेग वाढला की चिवचिवाट जलद, आणि पन्नासच्या पुढे पिल्लू बंद होऊन पायाखाली थरथर सुरू. बॉनेट उघडलं. पिल्लू नव्हतं. आण्णांना बोलावलं. त्यांनी आधी चाकांना दगड लावले, मग गोणपाट अंथरून खाली सरकले आणि पुढचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळला. मलाही वाकून बघायला लावलं. शाफ्टच्या टोकाला, जिथं दोन दुबेळकी एकमेकांत अडकतात, त्या सांध्यात कटकट होत होती आणि एका टोपीभोवती गेरूच्या रंगाची भुकटी जमली होती.

"क्रॉस गेलाय. फुडचा."

क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा, तळहातात मावणारा पोलादी तुकडा. त्याच्या चार हातांवर चार टोप्या, टोपीच्या आत भिंतीला लागून सुयांसारखे बारीक रोलर उभे, आणि त्यात ग्रीस. जिप्सीला पुढेमागे दोन्हीकडे पाटे आहेत. खड्डा आला की धुरा वरखाली होतो आणि शाफ्टचं टोक त्याच्याबरोबर हलतं. हे हलणं सोसून फिरणं पुढे पोचवायचं काम त्या क्रॉसचं. आतलं ग्रीस वाळलं की सुया आणि लोखंड यांची थेट गाठ पडते. गंज धरतो, भुकटी होते, आणि पिल्लू चिवचिवतं.

मी आण्णांना खर्चाचा विचार करून सांगा म्हटलं. पेन्शनीतून जिप्सी पाळणाऱ्याला हे वाक्य पाठ असावं लागतं. आण्णा हात पुसत म्हणाले, "फुकटात हुईल की. आठ बोल्ट काढा. शाफ्ट घरात कोपऱ्यात उभा करून ठेवा. गाडी मागच्या चाकांवर पळती तशीच पळंल. आवाज बंद."

तांत्रिकदृष्ट्या यात काहीच खोट नव्हती. शाफ्टच्या दोन्ही टोकांना चार-चार बोल्टांच्या चकत्या आहेत; तो काढला म्हणून तेल गळत नाही, काही मोकळं पडत नाही. उलट एवढं लोखंड फिरवायचं वाचतं.

"पण मग तो दांडा?" मी विचारलं.

"असू दे की तसाच. कुणाला कळतंय?"

ते खरंच कुणाला कळलं नसतं. पाहुण्यांना मी तीच उजळणी ऐकवली असती आणि त्यांनी त्याच माना डोलावल्या असत्या. आजऱ्याची बागही दरवर्षी चिखलात बोलावत नाही. तरी मला ते जमेना. न वापरलेली ताकद आणि नसलेली ताकद बाहेरून सारखीच दिसते, हे मी वर्गात कुठल्याशा नदीच्या प्रवाहाबद्दल सांगत असे. स्वतःच्या गाडीबद्दल पचवणं जड गेलं. "आण्णा, बदलूया," म्हटलं. "पण घरी."

घरी म्हणजे आण्णांच्या पडवीत, कारण व्हाइस त्यांच्याकडे होता. निवृत्त झाल्यावर लोक पुस्तकं घेतात, तीर्थयात्रा करतात. आण्णांनी एक जाड फळी आणि एक भक्कम व्हाइस घेतला आणि पडवीच्या कठड्याला कायमचा ठोकला. त्यांच्या घरच्यांनी त्यावर टॉवेल वाळत घालायची पद्धत पाडली आहे, पण काम निघालं की टॉवेल हलतो.

शाफ्ट काढण्याआधी खुणा करायच्या असतात. कुठली चकती कुठल्या चकतीला, आणि मधल्या सरकत्या दातेरी जोडात कोणता दाता कोणत्या खाचेत. आण्णा पंच आणि हातोडी घेऊन टिंबं मारणार होते, तेवढ्यात माझी धाकटी लेक घरातून नेलपेंटची बाटली घेऊन आली आणि तिने लालभडक, सुबक रेघा ओढल्या. आण्णांनी मान्य केलं की डेपोत ही सोय नव्हती. टोप्या जागेवर धरणाऱ्या सर्कलिपा मात्र इतक्या जाम होत्या की त्यांच्या खाचाच दिसेनात. पूर्वी अशा वेळी रॉकेल घालत. आता रॉकेल दिसतं कुठं, म्हणून डिझेलमध्ये भिजवून शाफ्ट रात्रभर ठेवला.

डिझेल मुरेपर्यंत थोडं या क्रॉसच्या कुळाबद्दल.

युरोपात त्याला कार्डनचं नाव चिकटलेलं आहे. जिरोलामो कार्डानो हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि अट्टल जुगारी. जुगाराच्या नादातून त्याने संभाव्यतेवर लिहिलं, ते कामाचं निघालं. येशू ख्रिस्ताची कुंडली मांडली, आणि १५७० साली धर्मपीठाने त्याला तुरुंगात टाकलं. एकात एक फिरणाऱ्या कड्यांच्या झुलत्या टांगणीचं त्याने वर्णन केलं, एवढ्यावर सांध्याला त्याचं नाव पडलं. ती टांगणी त्याच्याही कितीतरी आधीची. फिरतं काम पुढे पोचवणाऱ्या सांध्याचा खरा विचार केला तो लंडनच्या रॉबर्ट हूकने, १६७० च्या दशकात. हाच तो स्प्रिंगच्या नियमाचा हूक, ज्याने दहावी-अकरावीत आपल्याला छळलं. त्याच्या लक्षात एक मजेदार गोष्ट आली. सांधा तिरका असला की एका बाजूने एकसारखं फिरवलं तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. तीस अंशांचा कोन असेल तर सर्वांत जलद क्षणी सुमारे पंधरा टक्के जास्त, सर्वांत मंद क्षणी सुमारे तेरा टक्के कमी. आणि ही चाल उन्हाच्या घड्याळातल्या सावलीच्या चालीशी जुळते. सूर्य एका गतीने सरकतो, पण आडव्या तबकडीवरची सावली तासातासाला सारखं अंतर तोडत नाही. तिचं सूत्र आणि तिरक्या क्रॉसचं सूत्र एकाच साच्यातलं आहे. फरक इतकाच, की तिथं अक्षांश येतो आणि इथं सांध्याचा कोन. भूगोलाच्या मास्तराला आपल्या गाडीखाली अक्षांश सापडावा, याहून मोठा निवृत्तिलाभ कुठला? मी हे आण्णांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "मग दुसरा क्रॉस कशाला असतोय सांगा."

नेमकं तेच. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस असतो तो या धावण्या-रेंगाळण्याचा हिशेब उलटा करून मिटवायला. पहिला जेव्हा पुढे पळतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि डिफरन्शियलपर्यंत फिरणं पुन्हा सरळ पोचतं. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन टोकांची दुबेळकी एकाच रेषेत पाहिजेत. मधल्या जोडात एक दाता चुकीचा बसला की दोन्ही चुका एकमेकींना खोडण्याऐवजी उरतात आणि नवाकोरा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. हूकने जे कागदावर मांडलं ते आण्णांनी डेपोत हाताने शिकलं आणि माझ्या लेकीने नेलपेंटने रंगवलं.

मोटारीपुरतं बोलायचं तर श्रेय क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या अमेरिकन तरुणाचं. साखळीऐवजी शाफ्ट वापरायचा आणि सांधा झाकून ठेवायचा, म्हणजे वंगण आत राहतं आणि धूळ बाहेर, असं त्याने विद्यार्थी असतानाच आखलं. पेटंट १९०३ साली मिळालं. कॉलेज अर्धवट सोडून १९०४ मध्ये तो न्यू जर्सीत कारखाना घालून बसला. (पुण्याच्या वाचकांसाठी: औंध रस्त्याचं स्पायसर कॉलेज या स्पायसरचं नव्हे. ते मिशनरी वेगळे.) वंगण आत, धूळ बाहेर. त्याची सगळी कल्पना एवढीच होती, आणि माझ्या गाडीत नेमकं वंगण बाहेर आणि धूळ आत झालं होतं.

सकाळी सर्कलिपा निघाल्या. टोपी काढायची घरगुती रीत अशी: व्हाइसच्या एका जबड्याशी टोपीपेक्षा लहान गोटी (म्हणजे पान्याचा सॉकेट), दुसऱ्या जबड्याशी टोपी सहज आत जाईल अशी मोठी गोटी, मध्ये सांधा. दांडा आवळत गेलं की लहान गोटी एका बाजूने रेटते आणि समोरची टोपी मोठ्या गोटीत उतरते. गॅरेजात हे काम हातोडीने होतं, लवकर होतं, आणि कधी कधी दुबेळकं वाकवून होतं. आण्णा हातोडीला शेवटचा उपाय मानतात. एस.टी.त इतकी वर्षं काढूनही त्यांनी हे मत टिकवलं, याचं मला कौतुक वाटतं.

टोपी उघडली तर आत सुया उरल्याच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. काहींचे तुकडे, काहींचा चुरा, आणि सगळ्यावर ती तांबडी भुकटी. क्रॉसच्या त्या हातावर एकेका सुईची खोल रेघ उमटलेली. नख फिरवलं तर कडकड अडखळत होतं. समोरचा हात मात्र गुळगुळीत. एकाच तुकड्याची एक बाजू खलास आणि दुसरी ठणठणीत, हे कसं, म्हणून मी विचारलं. आण्णांनी ग्रीसच्या निपलपासून आत जाणारं भोक तारेने टोचून दाखवलं. चारपैकी एका हाताकडची वाट वाळलेल्या ग्रीसने बुजली होती. बाकी तिघांना मिळत होतं, याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

जुना क्रॉस वर्तमानपत्रात गुंडाळून मी उद्यमनगर गाठलं. कोल्हापुरात लोखंडाचं काही हवं असेल तर माणसाचे पाय आपोआप उद्यमनगराकडे वळतात. पंपाची बॉडी ओतण्यापासून चिमटा सरळ करण्यापर्यंत तिथं सगळं होतं. स्पेअर्सच्या दुकानदाराने पुडी उलगडली, टोपीचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजली आणि फळीवरून तीन खोकी काढून मांडली. "हा ओरिजिनल. हा कंपनीचा. आणि हा चालतो." तिन्हींतला फरक विचारला. "किमतीचा," तो म्हणाला. मी मधला घेतला. मध्यमवर्ग हा शब्द उगाच पडलेला नाही. आण्णांचं म्हणणं होतं की दोन्ही टोकांचे क्रॉस एकदम बदलावेत, एक गेला की दुसरा मागोमाग जातोच. इथं मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. दुसरा हातात फिरवून पाहिला होता. कुठं अडकत नव्हता, डुगडुगत नव्हता. जे चांगलं आहे ते केवळ शेजारी बिघडलं म्हणून फेकून द्यायचं, हे माझ्या बजेटात बसत नाही आणि स्वभावातही नाही.

त्याच आठवड्यात कॅनडातून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो कॅल्गरीत असतो. तिथं बर्फ पडतो म्हणून चारही चाकांना ओढ असलेली गाडी ही हौस नसून गरज आहे. त्याच्या गाडीत दांडा नाही, बटणही नाही. आपलं आपण ठरतं. आत व्हिस्कस कपलिंग असतं: बंद डबी, तिच्यात भोकं पाडलेल्या पातळ चकत्यांची चळत आणि घट्टसर सिलिकॉनचं तेल. पुढची चाकं घसरून जास्त फिरायला लागली की निम्म्या चकत्या वेगाने फिरतात, तेल घुसळून तापतं, फुगतं आणि उरलेल्या चकत्यांना ओढून घेतं. मागच्या चाकांना जोर मिळतो. चारही टायर सारख्या झिजेचे नसतील तर मात्र ती डबी सरळ रस्त्यावरही सतत घुसळत राहते आणि अकाली म्हातारी होते. भाच्याची झाली होती. तिथली गॅरेजची मजुरी तासावर, आणि तो आकडा रुपयांत करायचा नाही असं आमच्या घरात ठरलं आहे. म्हणून तोही स्वतःच्या गॅरेजात, दोन स्वेटर घालून, गाडीखाली पडला होता. "मामा, उघडून बघता येत नाही रे ही, सील आहे. अख्खी बदलावी लागते," तो खालून म्हणाला. मोडीतल्या गाडीची जुनी डबी त्याने मिळवली होती. मी त्याला माझा क्रॉस कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला, सुया दाखवल्या. तो बघत राहिला. मला वाटतं त्याला थोडा हेवा वाटला असावा. निदान मी तसं समजून चाललो आहे. ती डबी माझ्या दांड्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, यात वादच नाही. पण बिघडली की ती काही सांगत नाही, आणि माझा क्रॉस बिचारा निदान रंगीत भुकटी तरी काढतो.

नवा क्रॉस बसवणं हे काढण्याच्या उलट, असं पुस्तकात लिहितात. पुस्तकात टोपीच्या आतल्या सुया पडत नाहीत. त्या आत कशाने चिकटवलेल्या नसतात. कारखान्यातून आलेल्या थोड्याशा ग्रीसच्या आधाराने भिंतीला उभ्या असतात. टोपी रेटताना क्रॉस जरा तिरका लागला की एखादी सुई आडवी होऊन तळाशी पडते. बाहेरून काही दिसत नाही. फक्त टोपी शेवटच्या केसभर अंतरावर थांबते आणि सर्कलिप खाचेत बसत नाही. आमच्या चौथ्या टोपीला असंच झालं. सर्कलिप अर्धी बसली, अर्धी वर. बघायला गल्लीतले दोघे-तिघे जमले होते. त्यांच्यापैकी एकाने "एक दणका द्या, बसंल" असा सल्ला दिला. दणक्याने ती बसतेही. आडवी सुई चिरडते, सर्कलिप खट्कन बसते, सगळे खूश होतात आणि पावसाळ्यापर्यंत पिल्लू परत येतं.

आण्णांनी टोपी परत बाहेर काढली. सुई तळाशी नव्हती. पडवीभर शोध झाला. लेकीने जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक आणून फरशीवरून फिरवलं. दोन टाचण्या, एक जुना वॉशर आणि आण्णांच्या कधीकाळी हरवलेल्या चष्म्याचा स्क्रू निघाला. सुई शेवटी टोपीच्या रबरी कडेत अडकलेली दिसली. आण्णांनी बोटावर ग्रीस घेऊन सगळ्या सुया पुन्हा भिंतीला लावल्या, एकेक, वर्तुळ पुरं होईपर्यंत. क्रॉसचा हात आधी टोपीत घुसवून सुयांना आतून आधार दिला आणि मगच व्हाइस आवळला. सर्कलिप चारही बाजूंनी खाचेत गेली. त्यानंतर ग्रीस गन. आतलं येतानाचं ग्रीस फक्त सुया धरण्यापुरतं असतं. खरं ग्रीस आपण भरायचं, आणि चारही टोप्यांच्या कडांतून थोडं थोडं डोकावेपर्यंत भरायचं. तीन कडांतून लगेच आलं. चौथीची वाट बघत पडवीत सगळे वाकून उभे होते. आलं.

नेलपेंट नेलपेंटला जुळवून शाफ्ट चढला. पन्नासच्या पुढची थरथर गेली. पिल्लू उडालं.

संध्याकाळी बायकोने वही काढली. क्रॉस: हजाराच्या आत. सर्कलिप प्लायर: क्रॉसहून किंचित जास्त. ग्रीसचा डबा: एक किलो, वापर साधारण चार चमचे, शिल्लक पुढच्या पिढीसाठी. नेलपेंटची बाटली: तिची स्वतःची, परदेशी, वाळून गेलेली. चहा आणि भजी: बघायला आलेल्यांसकट. "गॅरेजवाल्याने किती सांगितले होते?" तिने विचारलं. मी आकडा सांगितला. तिने बेरीज खाली लिहिली, दोन्ही आकड्यांच्या मध्ये एक बारीक रेघ ओढली आणि वही माझ्यासमोर न धरता मिटली. पतसंस्थेत थकबाकीदाराला ती असंच वागवत असावी. "मजुरी लिहिली नाहीस," मी म्हटलं.

मजुरीचं आण्णांनी आधी टाळलं. पैसे काढले तर रागावले. मग दोन दिवसांनी दारात येऊन, चप्पल न काढता, भिंतीकडे बघत म्हणाले, "नातवाचं लगीन हाय. वरातीला तुमची गाडी मिळंल का? टप काढून."

वरातीत जिप्सी शोभते. टप उतरवलं की नवरा-नवरीला मागे उंचावर बसवता येतं, झेंडूच्या माळा बांधायला लोखंडी कमानी तयार असतात. एक अडचण वरात काढणाऱ्यांना माहीत नसते, फक्त चालवणाऱ्याला माहीत असते: वरात नाचणाऱ्यांच्या पायाने चालते. पहिल्या गिअरमध्येही जिप्सी नाचणाऱ्यांच्या टाचेला लागते. मग क्लच अर्धा दाबायचा, सोडायचा, दाबायचा. पहिल्या चौकाला माझी पोटरी दुखायला लागली, दुसऱ्याला क्लचचा जळका वास आला. आण्णा फेटा बांधून माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी नाक वर केलं, वास ओळखला आणि बँडच्या आवाजावर आवाज काढून म्हणाले, "सर, फोर-लो घाला. रांगत जाईल. क्लच वाचंल."

"आण्णा, डांबरावर घालायचं नाही, तुम्हीच म्हणालात!"

आण्णांनी फेटा सावरला, दारावरून बाहेर वाकले आणि पुढच्या चाकाखालचा रस्ता वरातीच्या दिव्यांच्या उजेडात नीट बघितला.

"डांबर कुठं दिसलं तुम्हाला?"